गुन्हा तिकडचा, फिर्याद इकडे

प्रश्न : वकीलसाहेब, गेल्या महिन्यात माझी ताई भोपाळहून रात्रीच्या गाडीने नागपूरला येत होती. इटारसीला पर्स उशाशी होती. काटोलला जाग आली तेव्हा नव्हती. आत मंगळसूत्र, मोबाइल आणि थोडी रोकड होती. नागपूरला उतरल्यावर फलाटावरच दोघातिघांनी सांगितलं, "चोरी एमपीत झाली, तक्रार तिकडेच द्यावी लागेल." ताई थकलेली, सोबत लहान मूल. आम्ही मुकाट्याने घरी आलो. आता पेपरात वाचतो की अमुक ठाण्याने 'शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल करून' तो दुसऱ्या ठाण्याकडे 'वर्ग केला'. हा शून्य क्रमांक नेमका काय असतो? आणि ताईची फिर्याद नागपुरात घेतली गेली असती का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : घ्यावीच लागली असती. आजही घ्यावी लागेल. ताईला घेऊन नागपूर रेल्वे स्थानकावरच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात जा.

फलाटावर तुम्हाला कोणी सांगितलं, हे पत्रात नाही. गणवेशातला प्रत्येक माणूस पोलीस असतो असं आपण धरून चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं आहे आणि त्याचं मुख्य काम रेल्वेच्या मालमत्तेची व प्रवाशांची राखण. प्रवाशाच्या चोरीचा गुन्हा नोंदवून तपास करतात ते लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्य सरकारचे असतात. शिवाय गाडीतच चोरी लक्षात आली तर नागपूर येण्याची वाट पाहायचीही गरज नसते. तिकीट तपासनीस, गार्ड किंवा डब्यात गस्तीला असलेल्या पोलिसाकडे फिर्यादीचा छापील फॉर्म मागता येतो. तो भरून दिला की पुढच्या ठाण्यात पोहोचवला जातो, प्रवास मोडावा लागत नाही. रेल्वेच्या १३९ या मदतक्रमांकावरही कळवता येतं.

आता हद्दीचं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असो, ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तोंडी किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. तोंडी दिली तर त्याने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. ईमेलने किंवा ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. 'शून्य' हा शब्द कायद्यात कुठेच नाही. ती पोलिसांच्या दप्तराची रीत आहे.

ही रीत साधी आहे. प्रत्येक ठाण्यात गुन्ह्यांचे क्रमांक १ जानेवारीला एकपासून सुरू होतात आणि क्रमांकापुढे साल लागतं. हा क्रमांक त्या ठाण्याच्या स्वतःच्या गुन्ह्यांसाठी असतो. बाहेरच्या हद्दीतला गुन्हा आला की त्याला आपल्या ओळीतला क्रमांक द्यायचा नाही, तिथे शून्य लिहायचा, फिर्याद पूर्ण नोंदवायची आणि कागद ज्यांची हद्द त्यांच्याकडे वर्ग करायचे. तिकडे पोहोचल्यावर त्यांच्या ओळीतला पुढचा क्रमांक पडतो आणि तपास सुरू होतो. फिर्याद तीच राहते, फिर्यादीची तारीख आणि वेळही तीच. हे महत्त्वाचं आहे. उद्या कोर्टात आरोपीचा वकील "खबर द्यायला इतके दिवस का लागले?" असं विचारेल तेव्हा उत्तर या पहिल्या कागदावर असतं, नवा क्रमांक पडला त्या तारखेवर नाही.

कोणी "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणालं, तर एफआयआरचा छापील नमुना एकदा नीट पाहावा असं मी सगळ्यांना सांगतो. घटनास्थळाच्या रकान्यात आधी ठाण्यापासूनची दिशा आणि अंतर विचारलेलं असतं, मग पत्ता, आणि त्याच्या खाली : घटनास्थळ या ठाण्याच्या हद्दीबाहेर असल्यास त्या ठाण्याचं नाव, जिल्हा आणि राज्य. शेवटी 'केलेली कारवाई' या रकान्यात एक पर्याय असाही असतो की हद्दीच्या कारणावरून गुन्हा अमुक ठाण्याकडे वर्ग केला. हा नमुना नवा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून वापरात आहे. बाहेरच्या हद्दीतला गुन्हा लिहून घ्यायची जागा टेबलावरच्या कागदात आधीच छापलेली आहे. परत पाठवणाऱ्याकडे सबब उरत नाही.

कोर्टानेही हे पुष्कळ आधी सांगितलं आहे. आंध्र प्रदेशातल्या पुनाटी रामुलू खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हद्दीचं कारण देऊन खबर लिहून न घेणाऱ्या पोलिसावर ताशेरे ओढले. खबर नोंदवायची आणि योग्य ठाण्याकडे पाठवायची, हे त्याचं कर्तव्यच होतं, असं म्हटलं. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली, कायदा बदलला, आणि १० मे २०१३ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने हद्द न पाहता गुन्हा नोंदवण्याबाबत सर्व राज्यांना कळवलं. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला ललिता कुमारी खटल्याचा निकाल लागला. उत्तर प्रदेशातल्या एका बेपत्ता मुलीच्या वडिलांची ही याचिका. खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवणं बंधनकारक आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवलं. त्या पाचांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, पुढे सरन्यायाधीश झाले ते.

खरं तर नागपूरला ही रीत नवी नाही. बैतूल, सिवनी, छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोली, कुठेही मोठा अपघात झाला की रुग्ण आपल्या मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येतो. तो इथे दगावला तर मृत्यू नागपूरच्या हद्दीत आणि अपघात दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात. इथले पोलीस शून्याने मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन इथेच होतं आणि कागद तिकडे जातात. नातेवाइकांना देह ताब्यात घेण्यासाठी आधी सिवनीला जाऊन या असं कोणी सांगत नाही. एकाच शहरातही हे घडतं. १ डिसेंबर २०१४ रोजी न्यायाधीश लोया यांचा नागपुरात मृत्यू झाला. दवाखाना सीताबर्डीच्या हद्दीत आणि मुक्काम रविभवनात, म्हणजे सदरच्या हद्दीत. म्हणून आकस्मिक मृत्यूची नोंद आधी सीताबर्डीला शून्य क्रमांकाने झाली आणि मग सदरकडे वर्ग झाली. पुढे त्या मृत्यूवरून देशभर वाद झाला, आणि १९ एप्रिल २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगून स्वतंत्र चौकशीची मागणी फेटाळली. त्या निकालपत्रात ही शून्याची नोंद आणि तिचा प्रवास वाचायला मिळतो.

मेलेल्या माणसासाठी जे बिनबोभाट होतं ते जिवंत फिर्यादीसाठी का होऊ नये, हा माझा सवाल आहे.

वेळेवर घेतलेल्या एका शून्याने काय साधतं, त्याचं उदाहरण आपल्या शेजारच्या छिंदवाड्याशी जोडलेलं आहे. ऑगस्ट २०१३. तिथल्या आसारामच्या गुरुकुलात शिकणारी अल्पवयीन मुलगी, घर उत्तर प्रदेशातल्या शाहजहाँपूरला, गुन्हा घडला जोधपूरजवळच्या आश्रमात आणि आईवडिलांनी फिर्याद दिली दिल्लीत, कमला मार्केट ठाण्यात. दिल्ली पोलिसांचा त्या गुन्ह्याच्या जागेशी काडीचा संबंध नव्हता. तरी त्यांनी शून्याने गुन्हा घेतला, मुलीची वैद्यकीय तपासणी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब तिथेच झाला आणि मग कागद जोधपूरला गेले. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या कोर्टाने आसारामला जन्मठेप दिली. ज्या गावात आरोपीचे हजारो भक्त, तिथे त्या कुटुंबाने पहिल्यांदा ठाण्याची पायरी चढावी, असं कोणी म्हटलं असतं तर काय झालं असतं?

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण शून्याने गुन्हा नोंदवला म्हणजे सगळं मार्गी लागलं असं नाही. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी दोन महिलांची विवस्त्र धिंड काढली गेली. १८ मे रोजी सैकुल ठाण्यात शून्याने गुन्हा नोंदला. तो संबंधित नोंगपोक सेकमाई ठाण्यात पोहोचला २१ जूनला. जुलैत चित्रफीत बाहेर आली आणि देश हादरला, तेव्हा कुठे पहिली अटक झाली. कागद एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात जायला महिन्याहून अधिक काळ लागला, आणि गुन्हेगार मोकळेच फिरत राहिले. म्हणून फिर्याद दिल्यावर तुमचं काम संपत नाही. प्रत हातात घ्या, ती कोणत्या ठाण्याकडे आणि कोणत्या तारखेला वर्ग केली ते विचारा, आणि आठवड्याभराने त्या ठाण्यात फोन करून नवा क्रमांक मागा. शून्य असलेल्या प्रतीवर विमा कंपनीही पुढे सरकत नाही. नव्या कायद्यात तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवण्याचं बंधन आहे, त्याची आठवण करून द्यायला संकोचू नका.

आता ताईचं प्रकरण. इथे एक वेगळीच गंमत आहे, आणि ती तुमच्या बाजूची आहे. इटारसी सोडल्यावर गाडी बैतूल, आमला, मुलताई, पांढुर्णा करत येते आणि मग नरखेडला महाराष्ट्र लागतो. पर्स इटारसी ते काटोल यांमध्ये गेली. ती पांढुर्ण्याच्या अलीकडे गेली की नरखेडनंतर, हे चोराशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मग चोरी मध्य प्रदेशातच झाली, हे फलाटावरच्या माणसाने कसं ठरवलं? कायद्याने हा पेच आधीच सोडवला आहे. प्रवासात घडलेल्या गुन्ह्याचा खटला, तो माणूस किंवा ती वस्तू ज्या ज्या कोर्टाच्या हद्दीतून गेली त्यांपैकी कुठेही चालू शकतो, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २०३ सांगतं. ताई नागपूरला उतरली. म्हणजे नागपूर लोहमार्ग पोलीस हा गुन्हा शून्याने घेऊन वर्ग करू शकतात, आणि ठरवलं तर आपल्याकडेही ठेवू शकतात. दोन्हीपैकी काय करायचं ते त्यांनी ठरवावं. नोंद मात्र इथेच.

महिना उलटला म्हणून खचू नका. प्रवासी वाहतुकीच्या साधनातून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. उशिरामुळे फिर्याद बाद होत नाही. उशीर का झाला ते फिर्यादीतच खरंखरं लिहा : फलाटावर असं सांगण्यात आलं, सोबत मूल होतं, नंतर पेपर वाचून कळलं. पर्समधल्या प्रत्येक वस्तूचं वर्णन द्या, मंगळसूत्राची पावती असेल तर जोडा, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक खोक्यावर सापडेल. तिकिटाची प्रत लागेलच. आणि 'चोरी' ऐवजी 'गहाळ' असं लिहू देऊ नका. गहाळ झाल्याची नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, तिच्यावर तपास होत नाही. तसंच अर्जावर 'आवक'चा शिक्का मारून मिळाला की गुन्हा दाखल झाला, असं अनेकांना वाटतं. तोही गुन्हा नव्हे. एफआयआरची प्रत मिळाली तरच नोंद झाली.

हद्दीबाहेरची ही सोय फक्त दखलपात्र गुन्ह्यांना आहे, हेही लक्षात असू द्या. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की असे अदखलपात्र प्रकार जिथले तिथेच नोंदवावे लागतात. नव्या कायद्यात ५,००० रुपयांच्या आतली साधी चोरीसुद्धा अदखलपात्र झाली आहे, सीताबर्डीच्या बाजारात खिशातून गेलेला जुना मोबाइल त्यात बसू शकतो. रेल्वेच्या डब्यातली चोरी त्यात बसत नाही.

तरीही नकार मिळालाच तर वाद घालत बसू नका. फिर्यादीतला मजकूर लिहून, तारीख-वेळ घालून, स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवा : रेल्वेच्या बाबतीत नागपूरचे लोहमार्ग पोलीस अधीक्षक, शहरात त्या परिमंडळाचे पोलीस उपायुक्त, जिल्ह्यात नागपूर ग्रामीणचे पोलीस अधीक्षक. पोस्टाची पावती जपून ठेवा. तिच्याशिवाय पुढची पायरी चढता येत नाही, कारण त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ (३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करताना 'आधी वरिष्ठांकडे गेलो होतो' हे शपथपत्रावर दाखवावं लागतं. बलात्कार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा ठरावीक गुन्ह्यांत तर खबर न नोंदवणाऱ्या पोलिसालाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी आहे. ही शिक्षा सगळ्याच दखलपात्र गुन्ह्यांना लागू व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. चोरीत लुटलेल्या बाईला परत पाठवणंही लहान गोष्ट नाही.

प्रश्न : दादा, माझ्या धाकट्या बहिणीला सौंसरला दिली आहे. सासरी मारझोड, माहेरून पैसे आण म्हणून रोजचा छळ. चार महिन्यांपासून ती आमच्याकडे सावनेरला आहे. नातेवाईक म्हणतात, छळ तिकडे झाला म्हणून केस तिकडेच करावी लागेल, आणि तिची तिकडे पाऊल टाकायची हिंमत नाही. तिची फिर्याद सावनेरला शून्याने घेतील का?
– एक भगिनी, सावनेर

उत्तर : ताई, तुमच्या बहिणीला शून्याचीही गरज नाही. ९ एप्रिल २०१९ रोजी रूपाली देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सासरच्या क्रूरतेमुळे घर सोडावं लागलेली स्त्री जिथे आसरा घेते तिथेही गुन्हा नोंदवता येतो. सासर सुटलं तरी त्या छळाचा मनावरचा घाव माहेरीही चालूच असतो, तो तिथे घडणारा परिणामच आहे, असं कोर्टाचं म्हणणं. तेव्हा सावनेर ठाण्यात सावनेरच्याच क्रमांकाने गुन्हा दाखल होईल, तपास इथून होईल आणि जबाब घ्यायला पोलीस सौंसरला जातील. तिला जावं लागणार नाही. पूर्वीचं ४९८-अ कलम आता न्याय संहितेत ८५ झालं आहे.

आधी समुपदेशनासाठी भरोसा सेलला पाठवलं तर तो नकार समजू नका. नवरा-बायकोच्या वादात थोडी प्राथमिक चौकशी करायला ललिता कुमारी निकालानेच मुभा दिली आहे, मात्र ती मुदतीतच संपली पाहिजे. "पुढच्या महिन्यात या" असं दोनदा ऐकलं की वर सांगितलेला स्पीड पोस्टाचा मार्ग धरा. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण आणि पोटगी दोन्ही मागू शकते. पोलिसांत गुन्हा नोंदेपर्यंत त्यासाठी थांबू नका.

मारहाणीचे जुने फोटो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, पैसे पाठवल्याच्या नोंदी आजच एका जागी करा. आणि एक लहानशी पण अडणारी गोष्ट : सौंसर आता छिंदवाडा जिल्ह्यात नाही. २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. पत्त्यात जुना जिल्हा पडला की समन्स भलत्याच ठिकाणी फिरत राहतं.

प्रश्न : माझ्या खात्यातून ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले. पैसे ज्या खात्यात गेले ते झारखंडमधलं आहे असं बँक सांगते. तक्रार कुठे करू?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन, या मिनिटाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात उड्या मारत असतात, वाटेत अडवले तरच अडतात. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा आणि तिचा पोचक्रमांक घेऊन जवळच्या ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जा. झारखंडला जायचं कारण नाही. फसवणूक इलेक्ट्रॉनिक संदेशांद्वारे झाली असेल तर ते संदेश जिथून निघाले आणि जिथे पोहोचले, त्या दोन्ही ठिकाणच्या कोर्टांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०२ ने अधिकार दिला आहे. तुम्हाला फोन नागपुरात आला, म्हणून गुन्हा नागपूरचाही आहे. १० लाखांवरच्या फसवणुकीत पोर्टल किंवा १९३० वरची तक्रार आपोआप शून्याच्या एफआयआरमध्ये बदलण्याची योजना मे २०२५ मध्ये दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. तिथेही तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करून तो पक्का करावा लागतो. बँकेला मात्र लेखी कळवायला उद्यापर्यंत थांबू नका, ईमेल आत्ताच पाठवा आणि त्याची वेळ टिपून ठेवा.